भाऊंच्या चित्राची मागची बाजू

आमचे ड्रॉइंगचे सर फ्लेक्सकडे पाठ करून फ्लेक्स पाहायचे.

जवळा बाजारच्या चौकात नवा फ्लेक्स लागला की सर सायकल मामूच्या हॉटेलच्या भिंतीला टेकवत, चौकाच्या मधोमध येत, फ्लेक्सकडे पाठ फिरवत आणि खिशातून आरसा काढत. आरसा कसला, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा काचेचा गोल तुकडा. त्यांच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, जुन्या घागऱ्यावरून निघालेला. सर शिरड शहापूरकडच्या एका तांड्यावरचे. तो तुकडा डोळ्यासमोर धरून, दुसरा डोळा मिटून, ते खांद्यावरून मागचं चित्र न्याहाळत. बाजाराला आलेला नवा माणूस हे पाहून थबकायचा. आम्हाला सवय झाली होती.

"चित्र उलटं पाहिलं की चुका दिसत्यात," सर म्हणायचे. "सुलटं पाहून पाहून डोळा लबाड होतो. समदं बराबर हाय म्हणून सांगतो."

त्या फ्लेक्सवर बहुतेक वेळा भाऊ असायचे. भाऊ आमच्या भागाचे पुढारी. दोनदा निवडून आलेले, एकदा पडलेले, आणि मधल्या काळात एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होऊन बसलेले. भाऊंचा वाढदिवस, भाऊंची निवड, भाऊंतर्फे दिवाळीच्या शुभेच्छा, भाऊंनी मंजूर करून आणलेला रस्ता, असं काही ना काही वर्षभर चालूच. आणि हे सगळे फ्लेक्स तयार करायचो मी. डिझाइन माझ्या दुकानात, छपाई वसमतला, बांबू आणि तार पुन्हा माझीच. म्हणजे सर त्या आरशात ज्या चुका शोधायचे त्या सगळ्या माझ्या होत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं याहून वाईट सांगायचं आहे.

पाचवी ते दहावी सरांनी मला चित्रकला शिकवली. सातवीत मी एकदा घरच्या कॅलेंडरवरचं डोंगर-नदी-झोपडीचं चित्र बघून बघून काढलं आणि खाली उजव्या कोपऱ्यात झोकात सही ठोकली. सरांनी वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली.

"हे कॅलेंडरवरचं हाय ना?"

"व्हय सर."

"त्या चित्रावर सही व्हती का कुणाची?"

"न्हवती सर."

"ज्यानं काढलं त्याला लाज वाटली असंल. तुला न्हाई वाटली?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "सही म्हणजे हौस न्हाई लेकरांनो," ते म्हणाले. "हे मी केलं, याला जबाबदार मी, असं चारचौघांत सांगणं हाय ते." मला त्या वर्षी दहापैकी चार मार्क पडले. तेही बहुतेक कॅलेंडरवाल्याचे असावेत.

पुढं मी दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो. ट्रॅक्टरच्या मागं नावं, गाड्यांच्या नंबरप्लेटी, शाळेच्या भिंतीवर फळं आणि पक्षी. गावात मला सगळे पेंटर म्हणायला लागले. मग फ्लेक्स आले, मी कॉम्प्युटर घेतला आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून फळीवर ठेवून दिले. नाव मात्र पेंटरच राहिलं. एकटे सर मला कधीच पेंटर म्हणाले नाहीत. कॉम्प्युटर आल्यावर ते दुकानात आले, खुर्चीमागं उभे राहून पाच मिनिटं माझं काम पाहिलं आणि विचारलं, "रंग कुठं हायत?"

"यातच हायत सर. पाहिजे तेवढे."

"वास येत न्हाई," सर म्हणाले आणि निघून गेले.

निवृत्त झाल्यावर सरांना दोनच कामं उरली. एक, दर रविवारी शाळेच्या एका खोलीत आजूबाजूच्या गावातल्या आणि तांड्यावरच्या पोरांना चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेसाठी शिकवणं. दुसरं, बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून भाऊंच्या फ्लेक्सचं रसग्रहण करणं. पहिलं काम ते आवाज चढवून करत, दुसरं अगदी हळू, सभ्यपणे, पुस्तकातल्या मराठीत. एरवी आमच्यासारखं बोलणारे सर चित्रावर बोलायला लागले की त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी व्हायची.

"सरजी, आज तस्वीर कैसी है?" मामू हॉटेलच्या पायरीवरून ओरडायचा. भज्यांची कढई उतरवून तोही येऊन उभा राहायचा.

"चांगली आहे," सर आरशात बघत म्हणायचे. "रचनेत समतोल आहे. वरच्या ओळीत भाऊंचे वरिष्ठ, खालच्या ओळीत भाऊंचे कार्यकर्ते, मधल्या अवकाशात एकटे भाऊ. जुन्या काळी राजदरबाराच्या चित्रांत राजा मोठा काढत आणि प्रजा लहान. इथं कलावंतानं त्याच्याही पुढं मजल मारली आहे. प्रजा काढलेलीच नाही."

लोक खुसखुसायचे. सर थांबून, आरसा धोतराला पुसून, पुन्हा धरायचे.

"व्यक्तिचित्रणाकडे वळू. चेहरा तीस वर्षांचा, मान साठ वर्षांची. एकाच देहात दोन पिढ्या दाखवणं सोपं नाही. गालांचा पोत पाहा. सुरकुती नाही, डाग नाही, देवीचा व्रण होता तोही नाही. या चेहऱ्यावरून काहीही घडून गेल्याची खूण नाही."

आणि सगळ्यात शेवटी, मान किंचित झुकवून, "आणि आता सही." खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात माझ्या दुकानाचं नाव असायचं. सर ते स्पष्ट, मोठ्यानं वाचत. सगळे माझ्या दुकानाकडं बघून टाळ्या वाजवत. मी काउंटरमागून हात जोडायचो. खरं सांगतो, मला मजा यायची. भाऊंची चेष्टा होती, त्यातली थोडी माझीही होती, पण सरांनी माझं काम इतकं निरखून शाळेतसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

फ्लेक्स उतरल्यावरही सर त्याचा पिच्छा सोडत नसत. आमच्याकडं उतरलेला फ्लेक्स वाया जात नाही. कुणी गोठ्यावर टाकतो, कुणी न्हाणीला आडोसा करतो, कुणी सोयाबीनच्या ढिगावर झाकतो. सर सायकलवरून फिरताना हे सगळं नजरेत ठेवत आणि येऊन मला वार्ता देत. "मागच्या दिवाळीचे भाऊ सिद्धेश्वरच्या रस्त्याला शेळ्यांच्या छपरावर हायत. उजवा हात खाल्ला शेळ्यांनी. पन चेहरा बराबर हाय."

आता घोटाळा कसा झाला ते सांगतो. कुणीतरी भाऊंच्या कानावर घातलं की निवृत्त ड्रॉइंग मास्तर दर बाजाराला तुमच्या फोटोवर भाषण करून राहिले, आणि लोक गर्दी करून ऐकून राहिले. सांगणाऱ्यानं शब्दही बरोबर नेले होते. रचना, समतोल, पोत, राजदरबार. भाऊंना त्यातलं राजदरबार तेवढं आवडलं. गाडी थेट माझ्या दुकानासमोर थांबली.

"पेंटर, तुझे ते सर लई अभ्यासू दिसून राहिले."

"व्हय भाऊ."

"औंदा वाढदिवसाला चाळीस फुटी लावायचा. आणि त्याच्यावर सरांचं भाषण ठिवायचं. नुसते हारतुरे काहून? जरा कला बिला पाहिजे. पत्रिकेत छाप."

मी छापलं. 'भव्य फ्लेक्सचे अनावरण व कलात्मक रसग्रहण.' त्या क्षणी मी भाऊंना म्हणू शकलो असतो की राहू द्या. सरांकडं पत्रिका घेऊन गेलो तेव्हा त्यांनाही म्हणू शकलो असतो की सर, जरा बेतानं. दोन्ही ठिकाणी मी फक्त "व्हय" म्हणालो. सरांनी पत्रिका आरशात पाहिली, मग सुलटी पाहिली.

"ज्याचं चित्र त्यानंच बोलावलं," ते म्हणाले. "असा मान कुणाला भेटत न्हाई." आणि पांढरा सदरा इस्त्रीला टाकायला गेले.

कार्यक्रमाला गर्दी दांडगी होती. भाऊंनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला आणि चाळीस फुटी भाऊ दिसले. पांढरे कपडे, वर केलेला हात, मागं उगवता सूर्य, आणि दूरवर जाणारा गुळगुळीत, सहापदरी रस्ता. तो मी कुठूनतरी कॉम्प्युटरवर उतरवला होता. बहुतेक परदेशातला असावा. मंडपाकडं येताना दोघांच्या मोटारसायकली खड्ड्यात पडल्या होत्या.

सर माईकसमोर आले आणि सवयीनं सगळ्या व्यासपीठाकडं पाठ करून आरसा काढला. भाऊंना वाटलं ही काहीतरी शास्त्रोक्त पद्धत असेल. ते सावरून बसले.

"प्रथम प्रकाश," सर म्हणाले. "सूर्य भाऊंच्या मागे आहे, पण भाऊंची सावली कुठंच पडत नाही. आपल्या भागात सावली कुणाची पडत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्या वरच्या जातीबद्दल बोलू, खालच्या जातीबद्दल नको." देवांची सावली पडत नाही आणि भुतांचीही, हे आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक आहे. मागच्या रांगा हलायला लागल्या.

"दुसरे, रंग. मोठ्या चित्रकारांच्या आयुष्यात रंगांचे काळ असतात. भाऊंच्या गळ्यातल्या उपरण्याचे असे तीन काळ मी स्वतः पाहिले. प्रत्येक वेळी रंग बदलला. रेषा मात्र तीच राहिली, खुर्चीकडे जाणारी."

भाऊंनी मान डोलावली.

"तिसरे, यथार्थदर्शन. लांब जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा जवळ जवळ येत एका बिंदूत दिसेनाशा होतात. सातवीच्या मुलालाही आपण तो बिंदू शोधायला लावतो. इथं पट्टी लावून पाहिली. मंजूर झालेला हा संपूर्ण रस्ता भाऊंच्या सदऱ्याच्या खिशापाशी येऊन दिसेनासा होतो."

आता हशा आवरत नव्हता. मामू मांडीवर थापा मारत होता. भाऊही हसत होते, कारण सगळे हसत होते.

"तरीही हे भाऊंचं सर्वोत्तम चित्र नाही," सर म्हणाले आणि आरसा खाली घेतला. "सर्वोत्तम चित्र मी मागच्या साली पाहिलं. एका शेतात सोयाबीन काढून पडलं होतं आणि अवकाळी पाऊस आला. ढिगावर भाऊ अंथरले होते. रात्रभर पडला. सकाळी भाऊंना उचललं तर खाली दाणा न् दाणा कोरडा. इतकी वर्षं भाऊंची चित्रं पाहतो. लोकांच्या उपयोगी पडलेलं तेवढं एकच."

टाळ्या वाजत राहिल्या. भाऊ उठले, सरांना शाल घातली, नारळ दिला आणि फोटोसाठी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सर फोटोत आहेत, पण बघताहेत नारळाकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा माझ्या दुकानासमोर थांबली. या वेळी भाऊ एकटेच होते. खुर्चीत बसले, टेबलावरची पट्टी उचलून उगाच इकडून तिकडं केली.

"पेंटर, एक विचारू का? भाषण चांगलं झालं. पन लोक काहून हसून राहिले व्हते?"

इथं मी थांबतो आणि स्वतःची बाजू मांडायचा प्रयत्न करतो, पण ती मांडता येत नाही. मी म्हणू शकलो असतो, लोक खूश होते भाऊ. ते ऐकून ते निघून गेले असते. त्यांना तेवढंच हवं होतं. मी भीतीपोटी सांगितलं, असं बरीच वर्षं स्वतःला समजावलं. ते खोटं आहे. भीती होती, पण ती एका चहानं निवली असती. खरं कारण असं की काल त्या मंडपात सरांचा शब्द न् शब्द मला कळला होता, आणि हे कुणालातरी दाखवल्याशिवाय मला राहवत नव्हतं. सरांना दाखवायला जायची लाज वाटत होती. समोर भाऊ बसले होते.

मी समजावून सांगितलं. कागद घेतला, पट्टीनं रस्ता काढला, खिशापाशी टिंब दिलं. उपरण्याचे तीन रंग ओळीनं मांडले. सावलीचं सांगितलं. मग त्यांनी विचारलंही नव्हतं ते, मागच्या बाजारांतलंही सांगितलं, प्रजा काढलेलीच नाही ते, तीस वर्षांचा चेहरा आणि साठ वर्षांची मान. मधे मधे मी सरांसारखा हातही करत होतो. माझा आवाजही इस्त्री केल्यासारखा झाला होता. पंधरा मिनिटं मी इतका छान शिकवत होतो की विद्यार्थ्याचा चेहरा बघायचं राहूनच गेलं.

"बराबर," भाऊ शेवटी म्हणाले. "मला वाटलंच व्हतं." त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याच खिशात.

पुढच्या रविवारी सर शाळेत गेले तर खोलीला कुलूप. दुरुस्तीचं काम निघालंय म्हणून सांगितलं. शाळा भाऊंच्या संस्थेची होती. दुसऱ्या आठवड्यात असंही कळलं की ग्रेड परीक्षेला पोरांची नावं या वर्षी शाळेकडून जाणार नाहीत. बावीस पोरं होती. त्यातली काही चार-चार किलोमीटर चालत यायची. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. आणि कुलूप दिसलं त्या रविवारी ती पोरं माझ्या दुकानासमोरून, चित्रांच्या गुंडाळ्या काखेत धरून, आली तशी परत गेली. मी खाली मान घालून कुणाच्यातरी लग्नपत्रिकेतला गणपती सरळ करत बसलो.

त्याच दिवसापासून मी भाऊंच्या फ्लेक्सवर दुकानाचं नाव टाकणं बंद केलं. काम सोडलं नाही. नाव तेवढं काढलं. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

काही आठवड्यांनी सर दुकानात आले. मला वाटलं, आता विचारतील. ते म्हणाले, "उतरलेले फ्लेक्स पडलेत का तुझ्याकडं? पोरांना झाडाखाली बसायला पाहिजेत."

मी होते नव्हते तेवढे काढून दिले. घाईघाईत सायकलच्या कॅरियरला स्वतः बांधले.

"आणि ते जुने ब्रश?"

फळीवरचा डबा काढला. रॉकेल केव्हाच उडून गेलं होतं, ब्रश वाळून काटक्या झाले होते. सरांनी एक उचलून अंगठ्यानं दाबून पाहिला. "भिजवले की व्हतील," म्हणाले. पाट्यांच्या रंगाचे अर्धेमुर्धे डबेही नेले. विचारलं काहीच नाही. न विचारणं त्यांना फार चांगलं जमायचं. शाळेतही ते रिकाम्या कागदापाशी असेच काही न बोलता उभे राहायचे.

वर्ग सिद्धेश्वरच्या रस्त्याला एका कडुनिंबाखाली भरायला लागला. सर चार दिवस सायकलवरून शाळा शाळा फिरले, तेव्हा औंढ्याच्या बाजूच्या एका शाळेनं पोरांची नावं भरून घेतली. परीक्षेला सर सगळ्यांना एसटीत घालून घेऊन गेले. एकोणीस पोरं बसली. तिघांना तेवढ्या लांब पाठवायला घरचे तयार झाले नाहीत. त्या तिघांची नावं मला पाठ आहेत.

सर आता नांदेडला लेकीकडं असतात. भाऊंचे फ्लेक्स हल्ली हिंगोलीहून येतात, त्यांच्यावर कुणाचीच सही नसते. पण सर जायच्या आधी, परीक्षा झाल्यानंतरच्या बाजाराला, जे झालं ते सांगून संपवतो.

त्या दिवशी मामूच्या हॉटेलच्या खांबापासून समोरच्या झाडापर्यंत सरांनी दोर बांधला आणि त्यावर पोरांची चित्रं धुणं वाळत घालावं तशी टाकली. तेव्हा मला कळलं की फ्लेक्स बसायला नेलेच नव्हते. फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. पोरांनी त्यावर माझ्या जुन्या ब्रशनी, माझ्याच पाट्यांच्या रंगांनी चित्रं काढली होती. धरणावरची होडी. बाजारातली मिरचीची रास. एका मुलीनं सोयाबीनचा ढीग काढला होता, वर अंथरलेला फ्लेक्स, आणि त्यावर बोटाएवढे, हात वर केलेले भाऊ. "हे काय गं?" मामूनं विचारलं. "आमच्या घरचं हाय," ती म्हणाली.

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव होतं. लोक पुढून बघत होते, मग दोराखालून वाकून मागं जात होते. मागं भाऊंचे तुकडे होते. कुठं अर्धी मिशी, कुठं घड्याळ घातलेला हात, कुठं नुसतेच शुभेच्छुक.

सरांनी मला खुणेनं मागं बोलावलं. "आमची याडी कशिदा असाच बघायची," ते म्हणाले. "आधी मागून. पुढून कुणी बी चांगलं करतं म्हणायची." मग त्यांनी पाठ फिरवली, आरसा धरला. आरशात चाळीस फुटीचा तुकडा होता, रस्ता आणि खिसा असलेला. त्याच्या शेजारी अलीकडचा, खालचा कोपरा कोरा असलेला.

"सर," मी म्हणालो, "भाऊंना मी सांगितलं व्हतं. तुमच्या भाषणाचा अर्थ."

सरांनी आरसा खाली घेतला नाही. "खोलीला कुलूप पडलं तवापासून तुझ्या फ्लेक्सवर सही न्हाई. मी काय आंधळा हाय?"

मी तो कोरा कोपरा उगाच बोटानं सरळ करायला लागलो.

"बराबर सांगितलास का?"

"काय सर?"

"अर्थ. रस्त्याचा सांगितलास?"

"व्हय सर. पट्टी लावून."

"उपरण्याचा?"

"व्हय."

"आन् सावलीचा?"

"सावलीचा त्यांना लवकर कळंना. दोनदा सांगावा लागला."

सरांचे खांदे हलले. हसत होते की काय, पाठीवरून कळलं नाही. "म्हणजे तुला समदं कळलं व्हतं," ते म्हणाले. "दहावीपर्यंत मला शंका व्हती."

ते कौतुक होतं की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सरांनी पोरांच्या डब्यातला एक ब्रश काळ्या रंगात बुडवून माझ्या हातात दिला आणि त्या कोऱ्या कोपऱ्याकडं बोट केलं. दोराच्या पलीकडं बाजार भरला होता. भाऊंचे दोन कार्यकर्ते मामूकडं चहा पीत आमच्याकडंच बघत होते.

"कर सही, पेंटर."

मी वाकलो. इतक्या वर्षांनी ब्रश धरला होता. दुकानाचं नाही, माझं पूर्ण नाव लिहिलं, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. रंगाचा वास नाकात गेला.

सरांनी आरशात ते बराच वेळ पाहिलं.

"अक्षर उलटं बी वाईटच दिसतं," ते म्हणाले, आणि आरसा धोतराला पुसून खिशात टाकला.